थर्ल्सचं कोर्ट, नोव्हेंबर १८८७ : एका क्रीडासंघटनेतली फूट आणि तिची डागडुजी

९ नोव्हेंबर १८८७ रोजी, आयर्लंडमधल्या टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स या बाजारगावी, कोर्टाच्या इमारतीत गेलिक ॲथलेटिक असोसिएशन या आयरिश देशी खेळांच्या संघटनेचं वार्षिक अधिवेशन भरलं. देशभरातून सुमारे ८०० प्रतिनिधी आले होते. मुख्य काम होतं नवा अध्यक्ष निवडणं. पण तिथवर पोचण्याआधीच, त्या दिवसापुरतं सभेचं अध्यक्षपद कोणाकडे द्यायचं यावरून आरडाओरडा आणि रेटारेटी सुरू झाली. पाद्री आणि त्यांचे समर्थक सभा सोडून निघून गेले आणि बाहेर त्यांनी आपली वेगळी सभा घेतली. आत उरलेल्यांनी मतदान उरकलं. संध्याकाळपर्यंत तीन वर्षांच्या त्या संघटनेचे दोन तुकडे झाले होते. बरोबर आठ आठवड्यांनी, ४ जानेवारी १८८८ रोजी, त्याच गावात ते पुन्हा जोडले गेले.

या घटनेबद्दल बोलताना 'खेळात राजकारण शिरलं' असं म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. या संघटनेत राजकारण बाहेरून शिरायचा प्रश्नच नव्हता, ते पहिल्या दिवसापासून घरातच होतं. भांडणारे सगळेच राष्ट्रवादी होते. वाद होता तो लगाम कोणाच्या हाती असावा याचा, आणि तो इतक्या टोकाला गेला याचं कारण बरंच रुक्ष आहे: संघटनेची घटना कच्ची होती. शेकडो क्लब खाली आणि मूठभर कार्यकारिणी वर, आणि मधला जो काउंटी समितीचा थर होता तोही कार्यकारिणीच्या मुठीत. अशा रचनेत वरच्या पाच-सहा खुर्च्या ज्याने बळकावल्या, त्याच्या खिशात अख्खी संघटना.

आधीची तीन वर्षं

संघटनेचा संस्थापक मायकेल क्युसॅक हा क्लेअर काउंटीतल्या बरेन या खडकाळ मुलखातला, १८४७ साली, म्हणजे बटाट्याच्या दुष्काळात जन्मलेला, आयरिश बोलत वाढलेला माणूस. पेशाने शिक्षक. डब्लिनला त्याने १८७७ साली सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणारा एक शिकवणी वर्ग काढला आणि तो उत्तम चालवला. विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे: ब्रिटिश प्रशासनाला कारकून पुरवणारा हा माणूस. तो रग्बी खेळला होता, क्रिकेटची भलामणही त्याने केली होती. मग हळूहळू त्याचं मत फिरलं. ११ ऑक्टोबर १८८४ रोजी त्याचा आयरिश मैदानी खेळांवरचा लेख छापून आला. त्यात त्याने म्हटलं की आयर्लंडमधल्या शर्यती आणि खेळ इंग्लंडच्या नियमांनी आणि इंग्लंडधार्जिण्या मंडळींच्या हातून चालतात, ते आयरिश लोकांनी स्वतःकडे घ्यावेत. आठवड्याभरात मॉरिस डेविनने त्याला पाठिंबा दिला.

डेविनच्या पाठिंब्याला वजन होतं, आणि हे शब्दशः घेतलं तरी चालेल. टिपरेरीतल्या कॅरिक-ऑन-शुर इथला हा सुखवस्तू शेतकरी हातोडा आणि गोळा फेकण्यात १८७० च्या दशकात जगातल्या पहिल्या फळीत होता. शांत, कमी बोलणारा, कागदपत्रं नीट ठेवणारा. क्युसॅक नेमका उलट. या दोघांनी १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्समधल्या हेज हॉटेलच्या बिलियर्डच्या खोलीत बैठक बोलावली. जमली ती माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, साधारणपणे सात नावं धरली जातात. त्यात दोन पत्रकार, एक वकील, जोसेफ ब्रॅकन नावाचा टेम्पलमोरचा बांधकाम कंत्राटदार, आणि चक्क एक पोलीस अधिकारी: टॉमस सेंट जॉर्ज मॅकार्थी, रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा जिल्हा निरीक्षक, क्युसॅकचा जुना विद्यार्थी आणि आयर्लंडकडून रग्बी खेळलेला. ब्रॅकन हा गुप्त क्रांतिकारी संघटनेचा शपथबद्ध सदस्य. (त्याचा मुलगा ब्रेंडन पुढे दुसऱ्या महायुद्धात चर्चिलच्या मंत्रिमंडळात माहितीमंत्री झाला. बापाने ते पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, देव जाणे.) पोलीस आणि क्रांतिकारक एकाच टेबलाशी बसून खेळाची संघटना काढतात, हे दृश्य तीन वर्षांनी कल्पनेतही आणता आलं नसतं.

डेविन अध्यक्ष झाला, क्युसॅक चिटणीस. आश्रयदाते म्हणून तिघांना विनंती झाली आणि तिघांनीही होकार दिला. पहिला चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, वेस्टमिन्स्टरच्या संसदेतल्या आयरिश पक्षाचा नेता. दुसरा मायकेल डेव्हिट, एके काळचा फेनियन, म्हणजे गुप्त क्रांतिकारी संघटनेचा माणूस, सात वर्षं तुरुंगात काढलेला आणि पुढे जमीनदारांविरुद्ध लढणाऱ्या लँड लीगचा संस्थापक. तिसरा टॉमस क्रोक, कॅशेलचा आर्चबिशप, मुक्काम थर्ल्स. क्रोकचं १८ डिसेंबर १८८४ चं होकाराचं पत्र हे संघटनेचा जाहीरनामाच मानलं जातं. हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ, आयरिश पद्धतीचा फुटबॉल, कुस्ती, उड्या, गोळाफेक हे सगळं विसरून आपण इंग्लंडहून लॉन टेनिस, पोलो, क्रिकेट आणि त्यांच्याबरोबर तिकडचे कपडे आणि नखरेही आयात करतो आहोत, असा त्याचा सूर होता.

संघटना वाढली ती मात्र पत्रामुळे नव्हे. दोन व्यवहारी गोष्टी तिच्या मुळाशी होत्या. एक म्हणजे रविवार. आयर्लंडमधल्या जुन्या ॲथलेटिक क्लबांच्या स्पर्धा शनिवारी होत, आणि रविवारी खेळणं प्रोटेस्टंट वळणाच्या मंडळींना अधर्म वाटे. शेतमजुराला आणि दुकानातल्या नोकराला सुट्टी मिळायची ती फक्त रविवारी, प्रार्थनेनंतर. दुसरी गोष्ट, हौशी खेळाडूच्या व्याख्येतून आजवर कष्टकऱ्यांना वगळलं जायचं, ते इथे झालं नाही. दारं उघडली आणि लोक लोटले. संघटना वणव्यासारखी पसरली, असं क्युसॅकने नंतर लिहिलं, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. जून १८८५ मध्ये ट्रालीला तिच्या आणि प्रतिस्पर्धी आयरिश अमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशनच्या स्पर्धा एकाच दिवशी झाल्या. हजारो माणसं गेलिक मैदानावर गेली, समोरच्या मैदानावर काही शेकडा उरली.

वणवा पेटला तरी हिशेबाची वही कोणीतरी लिहावीच लागते, आणि क्युसॅक ती लिहीत नव्हता. पत्रांना उत्तरं जात नव्हती, पैशांचा मेळ लागत नव्हता, आणि जो भेटेल त्याच्याशी वर्तमानपत्रातून भांडण. 'फ्रीमन्स जर्नल' या बड्या राष्ट्रवादी दैनिकावर तो तुटून पडला तेव्हा क्रोकने मार्च १८८६ मध्ये जाहीरपणे बजावलं की हा गृहस्थ असाच हुकूमशहासारखा वागत राहिला तर माझा या संघटनेशी संबंध राहणार नाही. ४ जुलै १८८६ रोजी क्युसॅकला चिटणीसपदावरून काढण्यात आलं. संस्थापक, आणि दोन वर्षंही टिकला नाही.

आर्चबिशपने 'मी जातो' म्हणायचं आणि बाकीच्यांनी धावपळ करायची, हे हत्यार इथे पहिल्यांदा उपसलं गेलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा उपसावं लागणार होतं.

कोणाला काय हवं होतं

क्युसॅक गेल्यावर जी पोकळी झाली ती आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुडने (आयआरबी) भरली. ही १८५८ साली स्थापन झालेली शपथबद्ध गुप्त संघटना, जिच्या माणसांना सर्रास फेनियन म्हणत. सशस्त्र उठावाने प्रजासत्ताक आणायचं हे तिचं ध्येय. पण १८८० च्या दशकात तिचे दिवस वाईट होते: पैसा नाही, आणि तरुण पोरं पार्नेलच्या मागे. अशा वेळी दर रविवारी शेकडो तरुण, रांगेत, आपापल्या कप्तानाच्या हुकमाखाली, हातात ॲश लाकडाची दणकट काठी घेऊन कायदेशीरपणे एकत्र येतात, हे बघून कुठल्या कटकऱ्याच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? त्यातच १८८७ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारचा आयर्लंडसाठीचा मंत्री आर्थर बाल्फोर याने नवा दडपशाहीचा कायदा आणला. राजकीय सभेवर बंदी घालता येत होती, हर्लिंगच्या सामन्यावर घालणं अवघड होतं.

आयआरबीचा या प्रकरणातला मुख्य माणूस पी. एन. फिट्झजेरल्ड. कॉर्कचा राहणारा, एका व्यापारी पेढीचा फिरता विक्रेता. गावोगाव हिंडण्यासाठी याहून बरं निमित्त सापडणार नाही. त्याच्या मागावर पोलिसांची गुप्त शाखा कायम असे. गेलिक क्लबांबद्दल आज जी माहिती मिळते तिचा मोठा भाग या पोलिसांच्या अहवालांतून येतो, ही त्या काळाची खास देणगी. कुठल्या काउंटीत समिती 'फेनियन' आहे आणि कुठे 'पाद्रीपक्षाची', याची त्यांनी वर्गवारीच ठेवली होती. अर्थात खबऱ्याला पैसे मिळतात ते कट दाखवल्याबद्दल, त्यामुळे हे अहवाल वाचताना मिठाची चिमूट जवळ ठेवावी.

नोव्हेंबर १८८६ च्या अधिवेशनात अखिल आयर्लंड अजिंक्यपद स्पर्धा घ्यायचं ठरलं, ही त्या अधिवेशनाची लोकांच्या लक्षात राहिलेली बाजू. दुसरी बाजू अशी की कार्यकारिणीत आयआरबीचं बहुमत झालं, आणि जुना फेनियन नेता जॉन ओलीरी याचं नाव आश्रयदात्यांत आलं. मग २७ फेब्रुवारी १८८७ रोजी डब्लिनच्या विन्स हॉटेलात कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष डेविन हजर नव्हता. तिथे दोन ठराव झाले. पोलिसांना सदस्यत्व बंद. आणि कार्यकारिणीचे सदस्य पदसिद्ध अधिकाराने प्रत्येक काउंटी समितीवर बसणार.

पहिल्या ठरावाची चर्चा खूप झाली. मॅकार्थीसारखा संस्थापक त्याने बाहेर फेकला गेला, आणि ही बंदी एकदा उठून, पुन्हा लागून, शेवटी नोव्हेंबर २००१ मध्येच कायमची गेली. माझ्या मते त्या दिवसाचा खरा डाव दुसऱ्या ठरावात होता. डब्लिनमधली पाच-सहा माणसं मेयोपासून वेक्सफर्डपर्यंत कुठल्याही समितीत जाऊन मत देऊ शकणार, म्हणजे काउंटीतल्या लोकांनी निवडून दिलेल्या समितीला काही अर्थच उरला नाही. डेविनने हे ओळखलं. नियमबाह्य कारभाराला कंटाळून त्याने त्या वसंतात राजीनामा दिला.

समोरच्या बाजूला पाद्री. त्यांच्याबद्दल लिहिताना एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा: हे काही सरकारधार्जिणे नव्हते. क्रोक तर इतका जहाल की फेब्रुवारी १८८७ मध्ये त्याने वर्तमानपत्रात जाहीर प्रश्न विचारला होता की जे सरकार आपल्याच डोक्यावर दंडुके हाणण्यासाठी कर गोळा करतं त्याला आपण कर का द्यावा. सरकारने त्याच्यावर खटला भरण्याचा विचार केला आणि सोडून दिला. पण कॅथलिक चर्चच्या दृष्टीने गुप्त शपथ घेणं हे पाप होतं आणि १८७० सालीच रोमने फेनियनांचा नाव घेऊन निषेध केला होता. त्याखाली एक साधं, गावपातळीवरचं कारणही होतं. क्लब बहुतेक पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे बांधलेला. पॅरिशमध्ये रविवारी तरुणांनी कुठे जावं हे आजवर पाद्री सांगत आला होता. आता ते कॉर्कहून आलेला एक फिरता विक्रेता सांगू लागला. नीना गावच्या फादर जॉन स्कॅनलनसारख्या खमक्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं.

आणि मग होते खेळाडू, संख्येने सगळ्यात जास्त आणि इतिवृत्तांत सगळ्यात कमी. हर्लिंग तेव्हा एका बाजूला २१ जणांचा खेळ होता. ॲश लाकडाची, टोकाला रुंद आणि वळलेली काठी, मुठीत मावेल असा कठीण चेंडू, तो हवेतूनही मारायचा आणि जमिनीवरूनही. एक गोल कितीही पॉइंटांना भारी. बहुसंख्य पोरांना रविवारी सामना हवा होता, धड पंच हवा होता, आणि रेल्वेचं भाडं कोणीतरी द्यायला हवं होतं. त्यांतले कित्येक जण शपथबद्धही असतील आणि रविवारी नेमाने प्रार्थनेलाही जात असतील. बाहेरून दिसणारी दोन गटांमधली रेघ एकेका माणसाच्या आतून जात होती, आणि आठ आठवड्यांत समेट होऊ शकला त्याचं हे एक मोठं कारण आहे.

त्या दिवशी

बाहेर पडलेल्या गटाच्या तक्रारी ऐकल्या तर वाटतं की कट अनपेक्षित होता. तसं काही नव्हतं. दोन्ही गट महिनाभर माणसं जमवत होते. प्रतिनिधी थेट क्लबांकडून यायचे, त्यामुळे ज्याने जास्त क्लबांची सोय लावली त्याचं पारडं जड. सातआठशे माणसं एका कोर्टाच्या खोलीत कोंबलेली. मावळत्या कार्यकारिणीच्या बाजूने सभेच्या अध्यक्षस्थानासाठी फिट्झजेरल्डचं नाव पुढे आलं.

हे मला न समजणारं पाऊल आहे. मतं हातात असताना, पोलीस दप्तरात ज्याचं नाव ठळक आहे अशा माणसाला व्यासपीठाच्या मध्यभागी बसवायची काय गरज होती? एखादा सौम्य माणूस बसवला असता तर पाद्र्यांना हरकत घ्यायला जागाच राहिली नसती. गुप्त संघटनेला आपली ताकद दाखवायचा मोह आवरला नाही, एवढंच म्हणता येतं. फादर स्कॅनलनने विरोध केला. त्याला बोलू दिलं गेलं नाही. व्यासपीठाजवळ झोंबाझोंबी झाली, बराच वेळ कोणाला काही ऐकू येईना. शेवटी स्कॅनलन आणि त्याच्या बाजूचे, साधारण २०० जण, सभा सोडून गेले आणि त्यांनी वेगळी संघटना काढण्याची भाषा सुरू केली.

आत निवडणूक झाली. आयआरबीचा उमेदवार, एनिसचा एडवर्ड बेनेट, याला ३१६ मतं. राजीनामा दिलेल्या डेविनचं नाव त्याच्या विरोधात होतं, त्याला २१०. हे आकडे थोडं थांबून बघण्यासारखे आहेत. पाद्रीगट निघून गेल्यावरही डेविनला २१० मतं पडतात, म्हणजे सभागृहात उरलेल्यांपैकी मोठा हिस्सा ना आयआरबीचा होता ना पाद्र्यांचा. त्यांना डेविन हवा होता. फूट दोन गटांत दिसत असली तरी मतपेटी तीन गट दाखवत होती. स्कॅनलनने सभात्याग केला नसता तर? बेरीज ज्याने त्याने करावी. सभात्यागाने आवाज मोठा होतो, पण मतं मात्र दारातच टाकून जावी लागतात.

दोनेक दिवसांत क्रोकचं पत्र 'फ्रीमन्स जर्नल'मध्ये आलं. थर्ल्सला ज्या मंडळींनी संघटनेवर कबजा केला त्यांच्याशी माझा यापुढे संबंध नाही, असा त्याचा आशय. तेच हत्यार, दुसऱ्यांदा. आणि या वेळी घाव खोल गेला, कारण क्रोकने आश्रय काढला की गावोगावचे पाद्री पोरांना रोखणार, मैदान देणारा शेतकरी विचारात पडणार, आणि वर्तमानपत्रं बातम्या छापायचं थांबवणार. आयआरबीने निवडणूक जिंकली होती आणि हातात रिकामी संघटना येते की काय अशी वेळ आली होती.

समेट कसा झाला

दोघांनाही माघार घ्यायची होती, फक्त तसं दिसू द्यायचं नव्हतं. पार्नेलच्या पक्षालाही ही फूट परवडणारी नव्हती, जमीनदारांविरुद्धची भाडेबंदीची मोहीम ऐन रंगात होती. बोलणी झाली, क्रोक मध्यस्थ म्हणून आला. बेनेटने ताणून धरलं नाही, आणि याचं श्रेय त्याला फार कमी लेखकांनी दिलं आहे. निवडून आलेल्या माणसाने दोन महिन्यांच्या आत खुर्ची सोडायला तयार होणं सोपं नसतं.

तोडगा डेविनच्या वळणाचा होता: निरस आणि पक्का. नवं अधिवेशन बोलवायचं, पण या वेळी प्रतिनिधी क्लबांकडून थेट येणार नाहीत. आधी प्रत्येक काउंटीत बैठक होईल, तिथे माणसं निवडली जातील आणि तीच थर्ल्सला येतील. ८०० जणांच्या गर्दीऐवजी थोडे, मोजके, आपल्या काउंटीला उत्तरदायी असलेले लोक. ४ जानेवारी १८८८ रोजी ते जमले. डेविन पुन्हा अध्यक्ष झाला. नव्या घटनेत काउंटी समित्यांना खरा अधिकार मिळाला आणि मध्यवर्ती मंडळात त्यांचा आवाज आला.

याने आयआरबी हरली का? नाही. काउंटी बैठकांमध्येही त्यांची माणसं ठिकठिकाणी निवडून आलीच. फरक इतकाच की आता त्यांना एकेका काउंटीत जाऊन काम करावं लागणार होतं, एक हॉटेलची खोली जिंकून भागणार नव्हतं. पाद्रीही सगळीकडे जिंकले नाहीत. कोणालाच सगळं मिळालं नाही.

रखडलेली १८८७ ची स्पर्धा मग कशीबशी संपवली गेली. पहिला अखिल आयर्लंड हर्लिंग अंतिम सामना १ एप्रिल १८८८ रोजी, ईस्टरच्या रविवारी, बर गावी एका शेतात झाला. टिपरेरीच्या वतीने थर्ल्सचा क्लब, गॉलवेच्या वतीने मीलिकचा. प्रवासखर्चावरून थर्ल्सच्या काही खेळाडूंचं बिनसलं आणि त्यांचा ठरलेला कप्तानच आला नाही. जिम स्टेपलटनने नेतृत्व केलं. टिपरेरी जिंकली, एक गोल एक पॉइंट विरुद्ध शून्य. विजेत्यांना पदकं मिळायला पुढे कित्येक वर्षं लागली. महिनाअखेरीस डब्लिनजवळ क्लॉन्स्कीला फुटबॉलचा अंतिम सामना लिमरिकच्या कमर्शियल्स क्लबाने जिंकला. देशाचं भवितव्य ठरवणाऱ्या वादांनंतर हर्लिंगचा विजेता संघ रेल्वेभाड्यावर अडला, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वात खरं वाटणारं चित्र आहे.

जे दुरुस्त झालं नाही

समेट टिकला वर्षभर. आणि तो मोडला तो पैशाच्या प्रश्नावर, जो थर्ल्सच्या दोन्ही अधिवेशनांत कोणी हाताळलाच नव्हता. आयर्लंडमधल्या प्राचीन टेल्टन खेळांचं पुनरुज्जीवन करायचं, त्यासाठी निधी हवा, म्हणून सप्टेंबर १८८८ मध्ये सुमारे ५० खेळाडू अमेरिकेला नेले. तिथल्या ॲथलेटिक संघटना आपापसांत भांडत होत्या, हवा खराब, त्यात अध्यक्षीय निवडणुकीचा हंगाम. तिकीटविक्री कोसळली. माणसं घरी आणण्यासाठी डेव्हिटला ४५० पौंड द्यावे लागले. काही खेळाडू तर परतलेच नाहीत, अमेरिकेतच राहिले. जानेवारी १८८९ च्या अधिवेशनात डेविनला कर्जाचा जाब विचारला गेला, त्याने पद सोडलं, आणि आयआरबीने गॉलवेचा पीटर केली अध्यक्ष केला. या वेळी क्रोकने हत्यार उपसून कोणाला परत आणलं नाही. धमकी दोनदा चालते, तिसऱ्यांदा लोक तिची सवय करून घेतात.

मग आली पार्नेलची शोकांतिका. नोव्हेंबर १८९० मध्ये, पार्नेलचे जिच्याशी संबंध होते त्या विवाहित ओशे बाईच्या घटस्फोट खटल्याचा निकाल लागला, डिसेंबरमध्ये पक्ष फुटला, पाद्री पार्नेलच्या विरोधात गेले. संघटना, म्हणजे तिचं आयआरबीच्या हातातलं नेतृत्व, पार्नेलच्या बाजूने उभी राहिली, आणि जुलै १८९१ च्या खास अधिवेशनात तसा ठरावच केला. ज्या क्लबात पॅरिशचा पाद्री आणि फेनियन कप्तान कसेबसे एकत्र नांदत होते तिथे आता एकाला निवडणं भाग पडलं. ६ ऑक्टोबरला पार्नेल वारला. ११ ऑक्टोबरच्या अंत्ययात्रेत गेलिक तरुण काळं कापड गुंडाळलेल्या हर्लिंगच्या काठ्या घेऊन डब्लिनमधून चालले. पोलिसांच्या मोजणीत १८८९ साली साडेसातशेहून अधिक असलेले क्लब १८९१ अखेर साडेतीनशेच्या आत आले होते. सगळा दोष फुटीला देता येणार नाही. शेतीची मंदी होती, आणि खेळण्याच्या वयाची पोरंच जहाजं धरून अमेरिकेला जात होती.

तरीही या पडझडीत जे उभं राहिलं ते जानेवारी १८८८ मधलं: काउंटी. यातली गंमत अशी की काउंटी ही काही गेलिक वारसा वगैरे नव्हे. इंग्रज राजसत्तेने कर आणि न्यायासाठी आखलेल्या या सीमा. ३२ मधली शेवटची, विकलो, १६०६ साली आखली गेली. शेरीफ आणि ग्रँड ज्युरीसाठी बनवलेल्या त्या रेषा डेविनने तंटा मिटवायला सोयीच्या म्हणून वापरल्या. मतदारसंघ म्हणून आलेली काउंटी मग संघ झाली. आधी विजेता क्लब काउंटीच्या नावाने खेळायचा; १८९२ पासून त्याला काउंटीतल्या इतर क्लबांचे खेळाडूही घेता येऊ लागले. त्याच सुमारास संघ २१ वरून १७ वर आला आणि गोलची किंमत पाच पॉइंट ठरली, १८९६ मध्ये ती तीन झाली आणि आजही तीच आहे. १८९३ साली पोलिसांवरची बंदी तात्पुरती उठली. १८९५ मध्ये मीथचा डिक ब्लेक चिटणीस झाला, त्याने पक्षीय राजकारणाचे ठराव अधिवेशनातून हद्दपार केले आणि हिशेबाची वही उघडली. पक्षीय वाद टाळण्याची त्याची शिस्त पुढच्या पिढीने पुष्कळदा मोडली. काउंटी मात्र कोणी मोडली नाही. कुठल्या गटाने तसा प्रयत्नही केला नाही, कारण तोवर प्रत्येक गटाचे लोक कुठल्या ना कुठल्या काउंटीच्या बाजूने ओरडत मैदानाभोवती उभे होते.